शिशाऐवजी तांबे : शिकारीच्या गोळीतील बदलामागचे कारण

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी शिशाची गोळी वापरण्यास पूर्ण बंदी आहे. शिशाची गोळी शरीरात फुटते आणि तिचे सूक्ष्म कण मांसात विखुरतात. असे अवशेष खाणाऱ्या कॅलिफोर्निया काँडोर या दुर्मिळ गिधाडांना विषबाधा होते. १९८२ मध्ये या पक्ष्यांची संख्या अवघी २२ वर आली होती. भरीव तांब्याची गोळी सहसा फुटत नाही. तिचे केवळ टोक उमलते. मात्र तांब्याची घनता शिशापेक्षा कमी असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी अधिक लांब होते. ती काडतुसात किती खोल बसवली आहे, यावर आतील दाब आणि नेमाची अचूकता अवलंबून असते. त्यामुळे शिशाच्या गोळीचे माप तांब्याच्या गोळीला जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरू शकते.