गाडीच्या रेडिओला खरखर? नवीन अँटेना घेण्याआधी हे तपासा

जुन्नर तालुक्यातून टोमॅटो-कांदा भरलेल्या पिकअप माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतात. पावसाळ्यात या घाटात दरड पडून रस्ता बंद होणं काही नवीन नाही. अशा वेळी मोबाईलची रेंज गेली, तर बातमी कळायला गाडीतला रेडिओच उरतो. पण तोही खरखरत असेल तर काय उपयोग? मग दुकानात जाऊन दिसायला सगळ्यात भारी अँटेना आणली जाते, आणि खरखर तशीच राहते. कारण दोष बऱ्याचदा लांबीत, अर्थिंगमध्ये नाहीतर केबलमध्ये असतो.

आधी फुकटची तपासणी

टेप बंद करून बाहेर काढा. मागची अँटेनाची पिन उपसा. त्या जागी मधल्या भोकात साधारण अडीच फूट लांबीची साधी वायर घाला. वायर बॉडीला किंवा बॅटरीच्या कुठल्याही वायरला लागू देऊ नका. आता रेडिओ लावा. जवळचं स्टेशन स्वच्छ आलं तर टेप चांगला आहे, खराबी अँटेनात किंवा तिच्या केबलमध्ये आहे. तरीही आलं नाही तर अँटेनावर पैसे घालू नका, टेप मेकॅनिकला दाखवा.

अडीच फूटच का?

एफएम स्टेशनं 88 ते 108 मेगाहर्ट्झवर असतात. 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. 100 मेगाहर्ट्झला ती 3 मीटर येते. गाडीवरची सळई या लांबीच्या पावपट असली की सगळ्यात चांगलं काम करते. 3 मीटरचा पाव भाग म्हणजे 75 सेंटीमीटर, अंदाजे अडीच फूट. म्हणून 'जितकी लांब तितकी चांगली' हे एफएमला लागू पडत नाही. मध्यम लहरींचं (एएम) स्टेशन ऐकायचं असेल तर मात्र लांब सळईचा थोडा फायदा होतो.

फोनमधल्या एफएमला वायरचा इअरफोन का लावावा लागतो, याचं उत्तरही इथंच आहे. ती वायरच त्याची अँटेना असते. फोनमध्ये एफएमची सोय असेल तर एक वायरचा इअरफोन गाडीत ठेवाच. आपत्तीच्या वेळी उपयोगी पडते म्हणून ही सोय फोनमध्ये चालू ठेवा, असं केंद्र सरकारनेही 2023 मध्ये मोबाईल कंपन्यांना सांगितलं होतं.

कोणती घ्यायची?

साधी स्टीलची सळई: दिसायला जुनाट, पण गावाकडे स्टेशन लांब असतं तिथं हीच भरवशाची. फांद्यांना अडकून वाकते, म्हणून स्प्रिंगवाली किंवा आत सरकणारी बघा.

आखूड रबरी: आत तारेचं वेटोळं असतं. फांद्यांतून सहज जाते, पण लांबचं स्टेशन कमी पकडते.

माशाच्या कल्ल्यासारखी: काहींच्या आत सिग्नल वाढवणारं सर्किट असतं, त्याला वीज द्यावी लागते. नुसती शोभेचीही मिळते, तिला वायरच नसते. सर्किटवाली बहुतेक 12 व्होल्टची असते. मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात. तिथं सरळ जोडली तर जळून जाईल.

ऑनलाईन 'सीबी अँटेना' नावाचीही दिसते. ती 27 मेगाहर्ट्झच्या बोलायच्या वायरलेस संचासाठी असते. तिथं पावपट लांबी जवळपास 9 फूट होते, म्हणून आखूड सळईत वेटोळं घालून भागवतात. एफएमसाठी ती घेऊ नका. आणि बोलायचा संच बसवायचा असेल तर त्याला दूरसंचार विभागाचे नियम आहेत. ते बघितल्याशिवाय खरेदी नको.

बसवताना अर्थिंग सांभाळा

सळई हा अँटेनाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. म्हणून बुडाखालचा रंग आणि गंज खरवडून केबलची जाळी पत्र्याला पक्की टेकली पाहिजे. टपाचा मधला भाग सगळ्यात चांगला. तो जमत नसेल तर काचेच्या बाजूचा खांब किंवा बॉनेटची कड. सळई उभी ठेवा. ट्रॅक्टरचं हूड फायबरचं असेल तर त्यावर अँटेना नीट चालत नाही. लोखंडी फ्रेमवर बसवा.

मल्टिमीटर असेल तर दोन गोष्टी बघा. साध्या सळईला पिनचं टोक आणि सळई यात सलग जोड दिसला पाहिजे. सळई आणि बॉडी यात जोड दिसता कामा नये. दिसला तर केबल कुठंतरी चेपली आहे किंवा पाणी शिरलंय.

इंजिन चालू केल्यावरच खरखर वाढते का? मग आधी मोबाईल चार्जर काढून बघा, नंतर जादा बसवलेले एलईडी दिवे बंद करून बघा. स्वस्तातल्या चार्जरने चांगल्या अँटेनाचंही वाटोळं होतं.

दोन गोष्टी जिवाच्या

रेंज वाढेल म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बांबू किंवा लांब पाईप बांधून अँटेना वर चढवू नका. शेतातल्या लोंबत्या विजेच्या तारेला लागली तर जीव जाईल. आणि विजा कडाडू लागल्या की उघड्या ट्रॅक्टरवर बसून राहू नका, पक्क्या घरात जा.

शेवटी एक ध्यानात ठेवा. एफएमची लहर डोंगर ओलांडत नाही. कितीही महागाची अँटेना लावली तरी घाटाच्या खोबणीत आवाज तुटणारच. म्हणून बातम्या घाटाच्या तोंडाशी, मोकळ्यावर गाडी उभी करून ऐका. रस्ता चालू असल्याची खात्री झाली की मगच खाली उतरा.