तिकिटावरचे सहा तास

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघालेल्या आपल्या आईवडिलांचे तिकीट एकदा नीट वाचून पाहा. समजा, मे महिन्यात विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटते आणि त्याच तारखेला सकाळी साडेसातला तेथे उतरते. कागदावर सहा तास! पण उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. म्हणजे प्रवास झाला साडेपंधरा तासांचा. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगाने ते चौदा तासांत संपावे. परंतु पश्चिमेकडे जाताना उंचावरील जोरदार वारे समोरून येतात.

शरीराचा हिशेब याहूनही मोठा आहे. पुण्याहून विमानतळापर्यंत चार तास, तेथे तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर तपासणी आणि सामान यांचे दोन तास. दारापासून दारापर्यंत चोवीस तास सहज उलटतात.

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. अशा पहिल्या प्रवासात त्यांनी घरी रात्री नऊला गोळी घेतली, विमानात बसताच मनगटावरचे घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर लावले आणि त्यात पुन्हा रात्रीचे नऊ वाजताच दुसरी गोळी घेतली. दोन गोळ्यांत अंतर पडले अवघे साडेनऊ तासांचे. त्यातच जेवण टाळून ते झोपले. जाग आली ती दरदरून घाम आणि थरथर घेऊन. हवाईसेविकेने दिलेल्या साखरपाण्यावर निभावले. म्हणून औषधांच्या वेळा तिकीट समोर ठेवून, मधल्या खऱ्या तासांप्रमाणे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर हे अत्यावश्यक आहे: पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो, आणि मात्रा त्यानुसार बदलावी लागते. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते.

विमानातील हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ असते. कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे. त्याहूनही वर पंधरा तास बसून राहण्यासारखेच हे. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. हृदयविकार, दम्यासारखे फुप्फुसाचे आजार किंवा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी मात्र तिकीट काढण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली नोंदवले. मूळ धोका लहान असल्याने घाबरण्याचे कारण नाही. पण वाटेलगतची जागा मागून घ्या, तासा-दीड तासाने उठा, बसल्या बसल्या पोटऱ्या हलवा. झोपेची गोळी घेऊन निश्चल पडून राहणे टाळाच. (व्हीलचेअर मागण्यात आमच्या पिढीला उगाच कमीपणा वाटतो. मोठ्या विमानतळावरील चाल फार लांबते, निःसंकोच मागावी.)

पोहोचल्यावर पुढील काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर तडक रुग्णालय गाठा, आणि आपण विमानाने किती तास बसून आलो हे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगा. सहा नव्हे, साडेपंधरा.