दुकानापुढची फरशी : दराआधी पाया पाहा

हिंगोली, वसमत भागातली बरीच जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची फरशी हलते, उतार बिघडतो आणि पाणी गोदामात शिरते. आम्हा कापडवाल्यांची गाठ एकदा भिजली की नफा गेलाच. म्हणून आधी काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून दाबून घ्यावा. पायी वर्दळीला शहाबादी फरशी चालते. मालाचा टेम्पो येत असेल तर ८० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक घ्यावेत, ६० चे हलक्या वाहनांपुरते. ठेकेदार गावातलाच बघावा, पण त्याचे दोन पावसाळे काढलेले काम पाहून. दर, मुरमाची जाडी, उताराची दिशा कागदावर लिहून घ्यावी. शेवटचा हप्ता पाणी ओतून उतार तपासल्यावर द्यावा. काम चोख असेल तर मात्र कारागिराची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी.