वॉरंटी संपलेला कॅमेरा घेताना

निकॉनचा डी८५० हा ४५.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा २०१७ साली आला. आज तो वापरलेला, बऱ्याच कमी किमतीत मिळतो आणि अजूनही उत्तम काम देतो. मात्र वॉरंटी नसेल तर तपासणी आपणच करायची. आधी शटर किती वेळा उघडलंय ते पाहावं. या मॉडेलचं शटर कंपनीने २ लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या हाती हा आकडा झपाट्याने वाढतो. निकॉनच्या मूळ फाइलमध्येच तो नोंदलेला असतो, म्हणून विकणाऱ्यासमोर फोटो काढून फाइल लॅपटॉपवर उघडावी. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो असा सापडत नाही.

मग एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा फोटो घ्यावा. सेन्सरवरची धूळ आणि तेलाचे डाग त्यात लगेच दिसतात. धूळ साफ होते. सेन्सरच्या काचेवरचा ओरखडा मात्र जात नाही. असा कॅमेरा स्वस्तातही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिलावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळवून पाहावा. बिलच नसेल, तर माल चोरीचा असू शकतो.