सॉकेटवरील वर्दी आणि मधला क्षण

परीक्षेचे निकाल, जमिनीचे उतारे आता संगणकाद्वारे मिळू लागल्याने एकाच यंत्राकडे हजारो अर्जदार एकदम येतात. प्रत्येकाशी देवाणघेवाण करण्याचे जे दार आज्ञावलीपाशी असते, त्यास सॉकेट म्हणतात. दारोदारी स्वतंत्र कारकून बसविणे परवडत नाही. म्हणून एकच आज्ञावली सर्व दारे सांभाळते व कोठे काम आले आहे, याची वर्दी संगणकाच्या मूळ प्रणालीकडून घेते. बर्कली येथील युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत १९८३ साली यासाठी ‘सिलेक्ट’ ही सोय आली. लिनक्समधील ‘ईपोल’ त्याच वळणाची.

काम करणारा एकच, मग गोंधळ कसला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु वर्दी आणि कृती यांच्या दरम्यान अल्पसा काळ जातोच व तेवढ्यात पलीकडील परिस्थिती पालटू शकते. यासच रेस कंडिशन म्हणतात.

रिचर्ड स्टीव्हन्स यांनी आपल्या युनिक्सविषयक ग्रंथाच्या १९९८ च्या आवृत्तीत याचे उत्तम उदाहरण दिले आहे. नवा अर्जदार आल्याची वर्दी मिळते. त्यास आत घेण्यापूर्वीच तो संबंध तोडतो आणि बर्कली वळणाची प्रणाली त्याची नोंद रांगेतून काढून टाकते. आज्ञावली मात्र रिकाम्या दाराशी तिष्ठत राहते, आणि बाकीचे सारे खोळंबतात! यासाठी सॉकेट ‘न थांबणारे’ ठेवावे. मग काही नसल्यास ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा संकेत तत्काळ मिळतो व पुढील काम सुरू राहते.

क्रमांकांचा घोटाळा याहून गंभीर होय. युनिक्स पद्धतीत नव्या सॉकेटला मोकळ्यांपैकी सर्वांत लहान क्रमांक मिळतो. समजा, ७ क्रमांकाच्या अर्जदाराचा उतारा शोधण्याचे काम चालू असता तो निघून गेला आणि लगोलग आलेल्या दुसऱ्यास तोच ७ क्रमांक मिळाला. शोधाच्या नोंदीत केवळ ‘७’ असेल, तर एकाची खाजगी माहिती दुसऱ्याच्या हाती पडेल. चाचणीच्या वेळी, गर्दी नसताना, हा दोष बहुधा दिसतही नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक जोडणीस सॉकेटच्या क्रमांकाखेरीज कधीही पुन्हा न वापरला जाणारा, वाढता अनुक्रमांक द्यावा. उत्तर पाठविण्यापूर्वी दोन्ही पडताळावेत. न जुळल्यास ते उत्तर टाकून द्यावे.