पहाटेचं स्वप्न आणि रातची लाईट

पहाटेचं स्वप्न खरं होतं, अशी समजूत जालन्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात आहे. खरं होण्याचं राहू द्या. पहाटेची स्वप्नं जास्त आठवतात, हे मात्र खरं. रात्रभर झोपेची साधारण ९० मिनिटांची आवर्तनं चालतात आणि प्रत्येकाच्या शेवटाकडे बंद पापण्यांआड डोळे भरभर हलू लागतात. हीच रेम झोप. पहिल्या आवर्तनात ती जेमतेम काही मिनिटं टिकते, पहाटे अर्ध्या तासापर्यंत लांबते. त्यातून थेट जाग आली की स्वप्न ताजं असतं.

झोपेत मेंदू बंद पडतो, हाही एक गैरसमज. १९५३ साली शिकागो विद्यापीठाच्या युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी रेम झोपेचं वर्णन प्रसिद्ध केलं. या झोपेतला मेंदूचा आलेख जागेपणीच्या आलेखासारखाच दिसतो. उंदरांच्या मेंदूत, आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, सेकंदाला सहा ते नऊ लाटांची ठसठशीत लय उमटते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये नेमक्या रेम झोपेत ही लय दाबली, तेव्हा त्यांची आदल्या दिवशीची शिकवण कच्ची राहिली.

शरीराची तऱ्हा वेगळीच. नाडी आणि श्वास कमीजास्त होतात, पण हातापायांचे स्नायू पार सैल पडतात. यातून सुटतात ते मुख्यतः श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू. हा बंदोबस्त नसता तर आपण स्वप्नातली मारामारी अंथरुणात केली असती. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. डोळे उघडे, अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. गावात याला भूत दाबतं म्हणतात. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत, ते आपोआप ओसरतं. मांत्रिकाचा खर्च वाचवावा. झोपेत चालणारा माणूस मात्र स्वप्नामागे निघालेला नसतो. तो प्रकार बहुधा रेमबाहेरच्या गाढ झोपेतला.

आता मुद्द्याचं. ‘चार तास गाढ झोप झाली, बास,’ असं रातच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला उठणारा शेतकरी म्हणतो. गाढ झोपेचा मोठा वाटा पूर्वरात्रीच मिळतो, तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. पण तीन वाजता मोटार चालू करायला निघालेल्या माणसाची झोप निम्मी गेली, तरी रेम निम्म्याहून जास्त जाते, कारण तिचा मोठा हिस्सा पहाटेचाच.

एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात नाईट करणाऱ्याची अडचण वेगळी. तो झोपतो दिवसा. रेम झोपेत शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा मंदावते. घाम नीट सुटत नाही, थंडीत कुडकुडणं थांबतं. म्हणून खोली तापली की मेंदू ही झोप आखडती घेतो. मे महिन्यात पत्र्याखाली सात तास पडून राहिलं, म्हणजे सात तासांची झोप झाली असं नाही. त्यावर दारूचा उतारा काढणारेही आहेत. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण सुरुवातीची रेम दबते आणि उत्तरार्धात झोप तुटत राहते.