सूज उतरविणारे औषध आणि सुजेचे कारण

गाय किंवा म्हैस विण्याच्या सुमारास तिची कास सुजणे ही गोष्ट आपल्या गोठ्यांना नवी नाही. पहिलारू जनावरांत आणि भरपूर दूध देणाऱ्या संकरित गायींत ती अधिक आढळते. अशा वेळी लघवी वाढविणारे इंजेक्शन दिल्यास पुष्कळदा सूज झपाट्याने उतरते. हा अनुभव खरा आहे. परंतु त्यावरून कोणत्याही सुजेवर हेच औषध लागू पडते, अशी समजूत करून घेणे मात्र जनावराच्या जिवावर बेतू शकते. हे औषध शरीरात नेमके काय करते, ते कोठे उपयोगी पडते आणि कोठे घातक ठरते, ह्याची माहिती शेतकरी बंधुभगिनींना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असावी, ह्या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

मूत्रपिंडाचे कार्य

हे औषध मुळात माणसांसाठी शोधले गेले. त्यामुळे प्रथम माणसाच्या मूत्रपिंडाचे उदाहरण घेऊ. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. प्रत्यक्षात लघवी होते ती साधारण दीड लिटर. उरलेले सर्व पाणी व त्यातील उपयुक्त क्षार लक्षावधी सूक्ष्म नलिकांमधून पुन्हा रक्तात घेतले जातात. ह्या नलिकांचा एक भाग केसात घालण्याच्या आकड्याप्रमाणे खाली जाऊन पुन्हा वर वळतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेनले ह्यांनी १८६२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास हेनलेचा वळसा म्हणतात.

गाळलेल्या मिठापैकी सुमारे एक चतुर्थांश मीठ ह्या वळशाच्या वर चढणाऱ्या भागात परत घेतले जाते. पाणी मिठाच्या मागोमाग जाते, हा शरीरातील सर्वसाधारण नियम होय. वळशातील मीठ परत घेण्याचे दार बंद केले, तर मीठ नलिकेतच राहते आणि आपल्याबरोबर पाणीही बाहेर नेते. फ्युरोसेमाइड, ब्युमेटानाइड व टॉर्सेमाइड ही औषधे नेमके हेच करतात. पाटाचे एक मोठे दार बंद केले म्हणजे पाणी वाफ्यात न जाता पुढे वाहून जाते, तसाच हा प्रकार आहे. मूत्रल औषधांमध्ये हा वर्ग सर्वांत प्रभावी मानला जातो, तो ह्याच कारणाने.

संशोधनाची वाटचाल

ह्या औषधांपूर्वी पाऱ्याची मूत्रल औषधे वापरात होती. त्यांचा शोध योगायोगाने लागला. १९१९ साली व्हिएन्ना येथे आल्फ्रेड फोगल हा वैद्यकीय विद्यार्थी उपदंशाच्या एका रोग्यास पाऱ्याचे इंजेक्शन देत असता, इंजेक्शनच्या दिवशी लघवीचे प्रमाण एकदम वाढते, असे त्याच्या ध्यानात आले. परिचारिका लघवीचे मोजमाप रोजच्या रोज लिहून ठेवीत होत्या, म्हणूनच ही गोष्ट लक्षात येऊ शकली. पुढे सुमारे चार दशके पाऱ्याची औषधे प्रचारात राहिली. परंतु पारा विषारी असल्याने ती धोक्याचीच होती.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लोरोथायाझाइड हे तोंडावाटे घेण्याचे औषध उपलब्ध झाले. त्यानंतर जर्मनीतील हेक्स्ट कंपनीने फ्युरोसेमाइड तयार केले आणि १९६० च्या दशकात ते अनेक देशांत वापरात आले. आपल्याकडे ते ‘लॅसिक्स’ ह्या व्यापारी नावाने सुपरिचित आहे. गोळीचा परिणाम माणसात सुमारे सहा तास टिकतो; शिरेतून दिल्यास तो काही मिनिटांतच सुरू होतो आणि साधारण दोन तासांत ओसरतो.

औषध काम कोठे करते, हे कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९७३ साली अमेरिकेत मॉरिस बर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी सशाच्या मूत्रपिंडातील नलिका सुट्या करून त्यांतून द्रव वाहविला. फ्युरोसेमाइड नलिकेच्या आतील बाजूने लावले असता वळशातील मिठाची वाहतूक थांबते, असे त्यांना आढळले. सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड ह्यांना एकत्र वाहून नेणाऱ्या प्रथिनाची जनुकीय ओळख पुढे १९९४ साली झाली. ह्यातून एक व्यावहारिक गोष्ट स्पष्ट होते. औषध रक्तात जाऊन भागत नाही. ते मूत्रपिंडातून नलिकेत उतरावे लागते. मूत्रपिंडे निकामी झाली असतील, तर नेहमीच्या मात्रेचा परिणाम अपुरा पडतो.

माणसांवरील संशोधनाचा निष्कर्षही बोधप्रद आहे. हृदय दुबळे झाल्याने फुप्फुसात व पायांत पाणी साचलेल्या रोग्यास ह्या औषधाने मोठा आराम पडतो, श्वास मोकळा होतो. मात्र एका औषधाऐवजी त्याच वर्गातील दुसरे दिल्याने आयुष्य वाढते काय, हे अमेरिकेत २,८५९ हृदयरोग्यांवर पडताळून पाहण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात फ्युरोसेमाइड व टॉर्सेमाइड घेणाऱ्या दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे २६ टक्के आढळले. पाणी काढणे आणि मूळ रोग बरा करणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रोग्याचे हृदय सुधारण्यासाठी वेगळे उपचार करावेच लागतात. हाच न्याय जनावरांनाही लागू आहे.

पाण्याबरोबर काय जाते

लघवीवाटे केवळ पाणी जात नाही. सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हे क्षारही जातात. गोठ्याच्या दृष्टीने ह्यांतील कॅल्शियम सर्वांत महत्त्वाचे होय. गाय व्याली की चिकातून व दुधातून रक्तातील कॅल्शियम वेगाने खर्च होते. ते फार कमी झाल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत दुग्धज्वर होतो. नावात ज्वर असला तरी ह्यात अंग थंड पडते. कान गार लागतात, गाय उठू शकत नाही आणि मान पोटाकडे वळवून पडून राहते. नेमक्या ह्याच दिवसांत कॅल्शियम लघवीवाटे घालविणारे औषध वारंवार दिले, तर आपणच संकटाला आमंत्रण देतो.

दुसरा धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा. उन्हाळ्यात, हगवण लागलेल्या अथवा पाणी न पिणाऱ्या जनावरास हे औषध दिल्यास रक्ताभिसरण मंदावते. तिसरी गोष्ट अशी की, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ह्यांसारख्या प्रतिजैविकांबरोबर ते दिल्यास श्रवणशक्ती व मूत्रपिंडे ह्यांना अपाय होण्याचा संभव वाढतो. म्हणून आधी कोणती इंजेक्शने दिली आहेत, ते पशुवैद्यकास न चुकता सांगावे.

कासेची स्वाभाविक सूज

विण्याच्या आधी दोन-तीन आठवड्यांपासून कासेकडे रक्ताचा पुरवठा वाढतो. तो द्रव परत वाहून नेण्याचे काम शिरा व रसवाहिन्या ह्यांना पुरे पडत नाही आणि कातडीखाली पाणी साचते. ही सूज बहुधा संपूर्ण कासेवर सारखी असते व कधी बेंबीपर्यंत पसरते. ती गरम नसते आणि तिला फारशी ठणक नसते. बोटाने दाबून धरल्यास मळलेल्या कणकेप्रमाणे खळगा पडतो व तो हळूहळू भरतो. दूध मात्र स्वच्छ असते. बहुसंख्य जनावरांत अशी सूज व्याल्यानंतर आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते.

तोवर जनावरास कोरड्या, मऊ जागी बांधावे. रोज थोडे हिंडवावे. दिवसातून दोन-तीन वेळा कास हलक्या हाताने खालून वर चोळावी आणि दूध थोड्या थोड्या वेळाने काढावे. सड ताठरल्याने वासरास पिता येत नसेल, तर चीक काढून पहिल्या काही तासांतच त्यास हाताने पाजावा.

सूज इतकी वाढली की कास लोंबून पायांना घासू लागली किंवा दूध काढणेच अशक्य झाले, तर मूत्रल औषधाचा विचार करावा लागतो. त्याचा निर्णय पशुवैद्यकाने घ्यावयाचा आहे. अमेरिकेतील मान्यताप्राप्त औषधपत्रकात गायीसाठी दिवसाला एकूण ५०० मिलिग्रॅम एवढी मात्रा असून, व्याल्यानंतर ४८ तासांपलीकडे हा उपचार चालू ठेवू नये, अशी मर्यादा घातली आहे. ही माहिती स्वतः औषध देण्यासाठी नाही. मोठ्या जनावरालाही हे औषध किती थोडे व किती थोडा काळ द्यावयाचे असते, हे त्यावरून समजावे. घरातील हृदयरोग्याच्या गोळ्या जनावरास चारण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

ह्या सुजांना हे औषध पुरेसे नाही

१. कासदाह किंवा दगडी : बहुधा कासेचा एखादाच भाग गरम, लाल व दुखरा होतो. दुधात गाठी, पाणी अथवा रक्त दिसते. येथे जंतूंवर उपचार हवा. लघवी वाढवून वेळ घालविल्यास तो सड कायमचा निकामी होतो.

२. घटसर्प : बहुधा पावसाळ्यात एकाएकी भरपूर ताप येतो, घशाखाली गरम व दुखरी सूज येते आणि श्वास घरघरतो. जनावर एक-दोन दिवसांतच दगावू शकते. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी लस टोचून घेणे हाच खरा उपाय होय.

३. पोळीची सूज : चाऱ्यातून तार किंवा खिळा पोटात जातो, पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून पुढे घुसून हृदयाच्या आवरणास टोचतो. मग गळ्याखालच्या पोळीत व छातीखाली पाणी उतरते, मानेची शीर फुगते आणि जनावर उतारावरून चालण्यास कुरकुरते. मूत्रल औषधाने पोळी एक-दोन दिवस हलकी दिसेल. तार मात्र तेथेच राहील.

४. जबड्याखालची सूज : दलदलीच्या जागी, ओढ्याकाठी चरणाऱ्या जनावरांच्या यकृतात पर्णकृमी होतात. रक्त व त्यातील प्रथिने कमी झाल्याने पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून जबड्याखाली साचते. अशा अशक्त जनावराच्या रक्तातील पाणी आणखी काढून घेणे म्हणजे त्यास अधिकच क्षीण करणे होय. कृमिनाशक औषध व सकस चारा हाच येथे उपाय.

सूज हे चिन्ह आहे, रोग नव्हे. चिन्ह पुसले म्हणजे रोग गेला असे होत नाही. उलट तो ओळखण्याची खूण मात्र नाहीशी होते.

दुधाची जबाबदारी

औषध दिलेल्या गायीच्या दुधात त्याचा अंश उतरतो. वर उल्लेखिलेल्या औषधपत्रकानुसार उपचार चालू असताना, तसेच शेवटच्या मात्रेनंतर ४८ तासांपर्यंत, म्हणजे चार वेळचे दूध, माणसाच्या आहारात वापरावयाचे नाही. ते संकलन केंद्रावर घालू नये व घरातही घेऊ नये. आपल्याकडे गाय व्याली की शेजारीपाजारी चीक देण्याची आणि खरवस करण्याची चाल आहे. उपचार चालू असता ही चाल बाजूस ठेवावी. औषध देण्यापूर्वीच चीक काढून वासरापुरता राखून ठेवता आला, तर फार उत्तम. औषध दिल्याचा दिवस व वेळ गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावी, म्हणजे दूध काढणारी व्यक्ती बदलली तरी चूक होणार नाही.

विण्यापूर्वीची काळजी

गाभण जनावराच्या आहारात, विशेषतः पहिलारूच्या बाबतीत, सोडियम व पोटॅशियम ह्यांचे प्रमाण फार झाल्यास कासेची सूज वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत जादा मीठ घालण्याचे टाळावे. खुराक एकदम वाढवू नये आणि गाय फार लठ्ठ होऊ देऊ नये. पाणी मात्र कधीही तोडू नये. सूज पाण्याची आहे म्हणून पिण्याचे पाणी कमी करणे ही चूक आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

सुजलेले जनावर पाहताना चार प्रश्न विचारावेत. सूज कोठे आहे? ती गरम व दुखरी आहे की थंड? ताप आहे काय? दूध कसे दिसते? ह्या चार उत्तरांनिशी पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ ह्या मदत क्रमांकाशी संपर्क साधल्यास पुढील उपचारास वेळ लागत नाही. घशाची सूज आणि ताप ही दोन चिन्हे एकत्र दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

हीच गोळी घेणाऱ्या वृद्ध माणसांची विचारपूसही कार्यकर्त्यांनी जाता जाता करावी. औषधाचा अंमल ओसरला की मूत्रपिंडे गमावलेले मीठ पुन्हा धरून ठेवू लागतात. त्यामुळे लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ भरपूर खाल्ल्यास गेलेले पाणी परत येते. उन्हात काम करताना चक्कर येणे, पायांत गोळे येणे किंवा जुलाब होऊन अशक्तपणा वाटणे, असे झाल्यास त्यांनी डॉक्टरांस लगेच दाखवावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये व वाढवूही नये.

सूज दिसताच इंजेक्शन मागण्यापूर्वी तिचे कारण शोधण्याची सवय गावोगाव लागली, तर अनेक जनावरे वाचतील. औषध चांगलेच आहे; ते कोठे वापरावयाचे, हे ओळखणे आपल्या हाती आहे.